गुत्त्यातली शांतता

मावशीच्या गुत्त्यात भांडणाला बंदी नव्हती, फक्त शिस्त होती. आधी पेला खाली ठेवायचा, मग हात उचलायचा. राक्षस असो, बुटका असो, की गेल्या साली मरूनही रोज न चुकता येणारा म्हातारा कोतवाल असो, नियम सगळ्यांना एकच. त्यामुळे भरदुपारी तिथं बाकडी उडायची, टाळकी फुटायची, आणि पेले मात्र खिडकीत शाबूत असायचे.

मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. राक्षस हमालाच्या गुडघ्याला लागणारी ही बाई त्याला कान धरून बाहेर काढायची, आणि कान तिच्या हाताला लागावा म्हणून तो गडी आपणहून खाली वाकायचा.

पण सध्या मावशीचा सगळा जीव माडीवर होता. तिथं तिची लेक तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीला ताप आल्याचं कळलं त्या दिवसापासून गिऱ्हाइकं आवाज दाबून पीत होती. आता ताप उतरला होता, पण पोर झोपायचं नाव घेत नव्हती. रडून रडून तिचा घसा बसला, दूधही ओढेना. सकाळी वैदीण नाडी बघून म्हणाली, "औषधाचं काम संपलं. आता हिला झोप लागायला हवी. संध्याकाळपर्यंत डोळा लागला नाही, तर माझ्या हातात काही नाही."

मावशी खाली आली ती डोळे पुसतच. "उठा रे सगळे. आज गुत्ता बंद."

"आणि तुला काही लागलं तर धावायला कोण?" हमाल म्हणाला. "आम्ही इथंच बसतो. ब्र काढणार नाही."

आणि खरंच, त्यांनी कमालच केली. हमालानं जोडे काढून हातात घेतले. बुटक्यांनी पेल्यांच्या बुडाला चिंध्या बांधल्या. कोतवालाचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तोही तोंडावर हात ठेवून बसला. गालिचेवाल्यानं तर हद्द केली. शहरभर उतारू उडवत नेण्याचा त्याचा गालिचा म्हणजे त्याची रोजीरोटी. तो त्यानं खाली अंथरला. का, तर पावलांचा आवाज होऊ नये. एवढी सगळी आडदांड मंडळी श्वास धरून बसलेली बघून मावशीला भडभडून आलं. वर पोर मात्र बसक्या आवाजात रडतच होती.

दुपार कलली. हमाल पेला भरून घ्यायला चवड्यांवर निघाला, आणि त्याच्या अंगठ्याचं नख गालिच्यात अडकलं. टर्रकन आवाज झाला.

"भोक पाडलंस," गालिचेवाला कुजबुजला.

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. नवा गालिचा होता."

"नवा? माझ्या आजानं पाहिलाय हा."

"आजाला मध्ये आणू नकोस!"

दोघांनीही पेले खाली ठेवले. मग काय विचारता! इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. पहिलं बाकडं कोतवालाच्या आरपार गेलं आणि बुटक्यांवर आदळलं. बुटके काही ऐकून घेणारे नव्हतेच. भिंती हादरल्या.

त्या गदारोळातही मावशीला एक गोष्ट कळली. वरचं रडणं थांबलं होतं.

कशीबशी जिना चढून ती वर गेली. लेकीनं ओठांवर बोट ठेवलं. पोर मूठ गालाखाली घेऊन गाढ झोपली होती. खाली काहीतरी कडाडून मोडलं, तशी तिनं झोपेतच समाधानानं मिटकी मारली.

तेव्हा कुठं मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. लेक दिवस भरेपर्यंत खाली पिंपांपाशी उभी होती. पोर पोटात होती तेव्हापासून याच धिंगाण्यात निजली होती, आणि आपण सगळ्यांनी मायेपोटी तिची अंगाईच बंद केली होती.

इतक्यात खाली कुणाला तरी शुद्ध आली. "अरे, पोर!" सगळे चिडीचूप झाले. पोरीचे ओठ लगेच वाकडे झाले.

मावशी जिन्यावर धावली. "थांबलात कशाला, मेल्यांनो? भांडा!" कुणी हलेना. टोमणाच मारतेय असं वाटून सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा मावशीनं पिंपाचं झाकण उचलून हमालाच्या पाठीत घातलं. "ती तुमच्या आवाजानं झोपतेय रे! घाला धिंगाणा!"

दिवस मावळायला वैदीण आली. खालच्या रणधुमाळीतून वाट काढून ती वर गेली, आणि पोरीच्या कपाळावर हात ठेवून उशाशी बसलेल्या मावशीला म्हणाली, "सुटलीस बाई. वाचली तुझी नात."

आभार मानावेत म्हणून मावशी खाली आली. तिनं तोंड उघडलं, की तिचं ऐकायला सगळे गप्प व्हायचे. आणि ते गप्प झाले, की वरून कुरकुर यायची. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. शेवटी ती पदर खोचून त्या मारामारीत शिरली. एका बुटक्याला धपाटा घातला, गालिचेवाल्याला ढकललं, आणि हमालाच्या पोटावर दोन्ही मुठी आपटत गळा काढून ओरडली, "देव तुमचं भलं करो, नतद्रष्टांनो! या जन्मात फिटायचे नाहीत तुमचे उपकार!"

"असं म्हणतेस?" हमालही तितक्याच जोरात गरजला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग त्यानं नाक पुसलं आणि जवळचं बाकडं उचललं.