साक्षीचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे हो, बोलायला बसायचा! आता जव्हारच्या एका घराच्या मोरीत पडलोय. माझ्यावर कळशी ठेवतात आणि खालून मी कुजतोय. कुजेना का. माझ्यावर बसून माणसं जे बोलली, त्यापेक्षा कळशीतलं पाणी बरं.

मला लतीफ सुताराने इथल्याच सागातून घडवलं. संस्थानच्या कचेरीत तेव्हा कारकून खाली बसून लिहीत, त्यांच्यासाठी. कुणीतरी म्हणालं, जरा उंच कर. लतीफमियां रंधा थांबवून हसले. "पाट बुटकाच बरा," ते म्हणाले. "बसणाऱ्याला जमिनीचा विसर पडत नाही." बिचारे लतीफमियां! लाकूड त्यांना कळत होतं, बसणारे नव्हते कळत.

पुढे संस्थान विलीन झालं. कचेरीत टेबल-खुर्च्या आल्या आणि आम्हा पाटांची रवानगी अडगळीत झाली. संस्थानचे जुने कारकून भास्करराव यांचीही नोकरी त्याच वेळी गेली. जाताना ते मला घरी घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला गहिवरून आलं होतं.

हाताला काम नव्हतं, म्हणून भास्कररावांनी आपल्या ओटीवर आत्मचिंतन मंडळ काढलं. बाजाराच्या दिवशी तिन्हीसांजेला गावातली शहाणी माणसं जमत. नियम असा, की पाटावर बसेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. आणि बोलायचं तेही दुसऱ्याबद्दल नाही, स्वतःच्या दोषांबद्दल. कुणी आपला राग सांगे, कुणी लोभ. जवळच्या साखरशेत गावच्या शाळेवरचे देवराम मास्तर तर मुलांना छड्या मारल्याचं सांगताना माझ्यावर टिपं गाळत. शेवटी भास्करराव डोळे मिटून म्हणत, "साक्षी व्हा. जे आहे ते जसंच्या तसं पाहा." मला वाटे, अशा माणसांचा भार वाहायला भाग्य लागतं.

ओटीच्या पायरीवर मंगळू बसलेला असे. तो साखरशेतचा. भास्कररावांची तिथे बरीच जमीन होती, त्यात एक माळ. मंगळूच्या बापाने तो झाडंझुडपं काढून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, लागवडीला आणला आणि बापामागे मंगळू तो कसत होता. पिकातला मालकाचा वाटा तो बाजाराच्या दिवशी पोचवी आणि टोपली रिकामी होऊन येईपर्यंत पायरीवर ऐकत बसे. त्याच्या घरची बोली वेगळी. ओटीवरचं पुस्तकी मराठी सगळं त्याच्या डोक्यावरून जाई. पण एक शब्द ऐकून ऐकून त्याला पक्का झाला होता. साक्षी.

मग कूळ कायद्याचा बोलबाला झाला. कसेल त्याची जमीन होणार म्हणे! भास्कररावांनी कचेरीत सांगून टाकलं, की मंगळू कूळ नव्हेच, तो आमचा रोजावरचा गडी. तेव्हा अंमलदार मंगळूला म्हणाला, तू कसताना ज्यांनी पाहिलंय असे साक्षी घेऊन ये. आता साखरशेतची माणसं भास्कररावांच्याच शिवारात राबणारी. कोण तोंड उघडणार? माळ गेला की मंगळूची चूल विझली, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

मंगळू निर्धास्त होता. त्याची बायको बुधी म्हणाली, त्या ओटीवर बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, तिथं जाऊ नको. त्याने ऐकलं नाही. साक्षींचं अख्खं मंडळ त्याच्या ओळखीचं होतं ना!

बाजाराच्या दिवशी तो पायरी सोडून वर आला आणि सरळ माझ्यावर बसला. पायांना त्या माळाची माती होती. भास्कररावांच्या कपाळावर आठी आली, पण नियम त्यांचाच. ऊठ कसं म्हणणार?

"तुमी सगळे साक्षी आहां," मंगळू हात जोडून म्हणाला. "मग माझ्या माळाचे साक्षी व्हा. मालकांचा कायतरी चुकलाय, त्यांनाबी सांगा."

कुणीतरी उपरण्याआड हसलं. भास्करराव मात्र रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अरे, तो साक्षी कचेरीतला नव्हे, आत्म्याचा. तो नुसता पाहतो. करत काही नाही, बोलतही नाही."

"म्हंजे पाहिला तरी सांगाचा नाय?"

मंगळू मास्तरांकडे वळला. "मास्तर, तुमी त माझ्या माळावर आंबील प्यालां."

खरंच होतं ते. नागलीच्या कापणीला मास्तर दरवर्षी त्या बांधावर टेकत आणि बुधी त्यांना आंबील देई. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ध्यान लागलं म्हणे!

सुनावणीला मंगळू आणि बुधी कचेरीच्या दारात रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली. ओटीवरून एकही माणूस उठला नाही. माळ गेला. दोघं ठाण्याकडे वीटभट्टीवर गेली, ती परत आल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढच्या बाजाराला मास्तर माझ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. "मी भित्रा आहे," ते म्हणाले. "मला सगळं ठाऊक होतं आणि मी गेलो नाही. आज माझा भित्रेपणा मला लख्ख दिसला." सगळी ओटी हेलावली. भास्कररावांनी उठून त्यांना मिठी मारली. "याला म्हणतात आत्मज्ञान!" ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. मग आतून नागलीचे पापड आले. त्याच माळावरच्या नागलीचे. मंडळींनी ते आवडीने खाल्ले.

त्या संध्याकाळी आपण लाकूड आहोत याची मला लाज वाटली नाही. माणूस नाही, याचं बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, त्यांना तेल द्या, असं मी आता म्हणायला हवं. नाही म्हणत. मला वाळवी लागली तरी चालेल. आपला दोष बसल्या जागी दिसतो, त्याला फार काही लागत नाही. तुम्हीही बसा माझ्यावर, रडा हवं तर. पण मंगळू दारात आला की उठा. कचेरी त्या ओटीपासून हाकेच्या अंतरावर होती.