पहिला सेकंद

मी मेमरी कार्ड बोलतोय. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, एक कोपरा कापलेला. कार्ड कसलं बोलतंय, असं म्हणून हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलणं लिहून घेतलं, आता दोन शब्द माझेही ऐका. सध्या माझा मुक्काम बटणांच्या डब्यात आहे. शेजारी कोटाचं एक पितळी बटण, चार हूक आणि टोक मोडलेली सुई. डब्याचं झाकण नीट बसत नाही, म्हणून फटीतून बाहेरचं थोडंफार दिसतं आणि सगळं मला ऐकू येतं. ऐकू येतं, पण लिहिता येत नाही. माझं खरं दुखणं हेच आहे.

माझ्या अंगावर एका छोट्या गोलात चारचा आकडा छापलाय. तो माझा वेग. कार्डांच्या जगात चार म्हणजे बैलगाडी. कारखान्यात माझ्या पुढच्या-मागच्यांवरही चारच छापला होता, त्यामुळे तेव्हा कुणी कुणाला कमी लेखलं नाही. पुढे एका रेडिओ स्कॅनरच्या पोटात मला बसवलं आणि त्या स्कॅनरसोबत मी कप्तानांच्या घरी आलो.

कप्तान म्हणजे बंदरातल्या टगबोटीचे निवृत्त कप्तान. टगबोट मोठ्या जहाजांना ढकलत, ओढत धक्क्याला लावते. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. घरात दोनच माणसं, ते आणि त्यांच्या पत्नी. त्यांना मी बाई म्हणतो, कप्तान त्यांना 'अगं' म्हणतात. एक लेक आहे. ती बंदराच्या नियंत्रण कक्षात रेडिओवर बोलण्याचं काम करते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला क्वार्टरमध्ये राहते. तिथे जायला बसने वीस मिनिटं लागतात, पण चार वर्षांत या घरातून कप्तान एकदाही गेले नाहीत, आणि तीही आली नाही.

झालं होतं असं. एका धुक्याच्या सकाळी कप्तान टगबोटीवर दोराच्या गाठीवरून खलाशाशी हुज्जत घालत होते. आपलं ओरडणं त्याला ऐकू जावं म्हणून रेडिओचा आवाज त्यांनीच बारीक केलेला. नियंत्रण कक्षातून हाक आली, वेग कमी करा. ऐकलीच नाही. दुसरी आली, तीही गेली. तिसरी ऐकली, पण तोवर टगबोट धक्क्यावर आदळली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, धक्क्याच्या दोन फळ्या मोडल्या, बस्स. हाक मारणारी होती त्यांचीच लेक. नोंदवहीत तिने लिहिलं, 'तीन हाका. तिसरीला उत्तर.'

चौकशी झाली. कप्तानांना निवृत्तीच्या वर्षभर आधीच घरी बसवलं. ना निरोपाचा समारंभ, ना भाषण. त्या संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "बाप म्हणून एक हाक खोडता आली नसती तुला?" ती म्हणाली, "बाबा, झालं ते लिहिलं." आणि पुढच्याच आठवड्यात पेटी भरून क्वार्टरवर राहायला गेली. हे सगळं मी बाईंच्या तोंडून ऐकलंय. लेकीची बाजू मला मनापासून पटते. मीही आलं ते लिहितो. पदरचं घालत नाही, आलेलं गाळत नाही.

मग कप्तानांनी स्कॅनर आणला. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओ. या चॅनलवर कुणी बोलतंय का बघतो, नसेल तर पुढच्यावर, तिथे नसेल तर त्याच्या पुढच्यावर. आवाज सापडला की थांबतो, ऐकवतो, आणि मी ते लिहून ठेवतो. उलट बोलायची सोय नाही. बंदर, पोलीस, अग्निशमन, विमानतळ, टॅक्सीवाले असे एकशे ऐंशी चॅनल कप्तानांनी त्यात भरले. बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्या गावाची चौकशी कशाला?" तर म्हणे, "आयुष्य बंदरात गेलं. काय चाललंय ते कळायला नको? मी काही तिलाच ऐकायला बसत नाही." बाईंनी विचारलंसुद्धा नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

लेक रोज सकाळी लहान बोटींना हवामानाची सूचना वाचून दाखवायची. कधी दहाला, कधी पावणेअकराला. स्कॅनर बिचारा तेव्हा टॅक्सीवाल्यांकडे नाही तर विमानतळावर फिरत असायचा. तिच्या चॅनलवर पोचेपर्यंत सेकंद-दीड सेकंद निघून गेलेला असे. म्हणून माझ्याकडची तिची प्रत्येक सूचना मधूनच सुरू होते. "...हान बोटींना सूचना. वारा वायव्येकडून." एवढं आलं की कप्तानांचा चहाचा कप हवेतच थांबायचा. सूचना संपल्यावर ते माझ्याकडून ती पुन्हा वाजवून घ्यायचे. वारा कुठून वाहतोय हे एकदा ऐकून कळत नाही, असा माणूस नव्हता तो.

चार वर्षं अशी गेली. मला तो आवाज पाठ झाला. सर्दी झालेला, घाईतला, कधी हसू दाबलेला. एकदा "खवळलेला समुद्र" म्हणताना ती मध्येच खोकली, तर कप्तान दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी बाईंना म्हणाले, "बंदरात साथ आहे वाटतं खोकल्याची." बाई म्हणाल्या, "आहे. दोन दिवसांत बरी होईल साथ." त्या दर आठवड्याला लेकीशी फोनवर बोलत, जिन्यात उभं राहून. कप्तानांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे बाईंनाही.

एके दिवशी कप्तान बंदरावर फेरी मारून आले. जेवताना म्हणाले, "धक्क्यावर एक होडीवाला भेटला. म्हणतो, तुमच्या लेकीची सुरुवात आम्हाला पाठ झालीय. त्याशिवाय सूचना सुरूच करत नाही."

"कसली सुरुवात?" बाईंनी विचारलं.

"मी कशाला विचारू? बापालाच माहीत नाही, असं दिसायला?"

त्या दिवसापासून त्यांना तो पहिला सेकंद हवा होता. जीव अगदी टांगणीला लागला. स्कॅनरला कानाशी धरून बसायचे. सूचना यायची ती "...हान बोटींना"च. मग त्यांनी मला बाहेर काढलं, भिंग लावून माझ्यावरचा चार वाचला आणि खापर माझ्यावर फोडलं. "हे कार्डच मंद आहे. उघडेपर्यंत पोरीचं बोलून होतं."

मला बोलता आलं असतं तर तिथेच सांगितलं असतं. अहो, मी कान नाही, मी वही आहे. वही कितीही झरझर भरली तरी कानावर जे पडलंच नाही ते तिच्यात येणार कुठून? आणि माणसाचं बोलणं लिहायला चारचा वेगही चिक्कार झाला. पण नाचता येईना, अंगण वाकडं. मला बटणांच्या डब्यात टाकलं आणि माझ्या जागी नवा गडी आला. अंगावर हे मोठमोठे आकडे, रुबाब काही विचारू नका.

आता खोटं कशाला बोलू? त्याच्यामुळे स्कॅनर चालू व्हायला दोन सेकंद कमी लागू लागले, साठवलेले आवाज संगणकावर झटपट उतरू लागले. तेवढं श्रेय त्याचं त्याला. पण दुसऱ्या सकाळी डब्यात पडल्या पडल्या मी ऐकलं, "...हान बोटींना सूचना." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कप्तानांची खुर्ची करकरली आणि ते हलकेच म्हणाले, "आजही नाही."

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचं दुकान आहे. प्रत्येक वस्तूला आधी कान लावतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. बाईंनी त्यांना चहाला बोलावलं. डॉक्टरांनी स्कॅनरला कान लावला, बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "कप्तान, कार्डाला कशाला बोल लावता? एकशे ऐंशी दारं ठोठावत फिरलात तर हव्या त्या दाराशी वेळेवर पोचाल कसे? ऐकायचं कुणाला आहे?"

कप्तानांनी चहाचा कप डॉक्टरांकडे सरकवला.

"एकाच चॅनलवर थांबवा. हे बटण. कार्ड जुनं असतं तरी चाललं असतं."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. डॉक्टर चहा पिऊन गेले. कप्तानांनी त्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. ते दाबणं म्हणजे बंदर नको, पोलीस नकोत, विमानं नकोत, मला फक्त माझी लेक ऐकायचीय, असं बाईंसमोर कबूल करणं. बाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दाबा हो. मी काही बघत नाहीये."

त्यांनी दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनर मुकाट एका जागी थांबलेला होता. दहा वाजले. सव्वादहा. मग आवाज आला. टक, टक. माइकवर दोन टिचक्या. आणि मग, "सर्व लहान बोटींना सूचना."

पुढचा वारा कुणीच ऐकला नाही. कप्तान नुसतं "अगं" म्हणाले. बाईच म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलेलं." लेक सात वर्षांची असताना रविवारी ते तिला टगबोटीवर न्यायचे, माइक हातात द्यायचे. बोलण्याआधी दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे समोरच्याला कळतं की आपलं माणूस बोलतंय. बंदरात दुसरं कुणी असं करत नाही. चार वर्षं ती रोज करत होती, आणि चार वर्षं यांचा स्कॅनर टॅक्सीवाल्यांकडे होता.

स्कॅनरवरून उत्तर देता येत नाही. दुपारी तिची पाळी संपली तेव्हा कप्तानांनी बाईंचा फोन मागितला आणि स्पीकर लावला. तिने उचलला. "हॅलो, आई?" यांनी काही न बोलता फोनवर नखाने दोन टिचक्या मारल्या. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिकडून दोन टिचक्या आल्या.

"उत्तर द्यायला उशीर झाला," कप्तान म्हणाले.

"किती हाकांनंतर दिलंत, लिहू का वहीत?" तिचा आवाज रडवेला होता, पण खोड तीच.

"लिही," ते म्हणाले. "एकही खोडू नकोस."

येत्या रविवारी ती घरी येणार आहे. बाईंनी पडदे धुवायला काढलेत. कप्तान रोज एकाच चॅनलवर थांबतात, आणि तो नवा गडी रोज सकाळी दोन टिचक्या लिहून घेतो. त्याचा मला राग नाही. पण हेवा वाटतो, तो का लपवू? माझ्या पोटात तिची चार वर्षं आहेत, तेराशेच्या वर सूचना, खोकल्यासकट. टिचकी एकही नाही.

रविवारी बटण शिवायच्या निमित्ताने का होईना, कुणीतरी हा डबा उघडा. माझ्यावरची धूळ पुसा, एका सकाळीपुरता परत आत बसवा, आणि ते बटण दाबलेलं राहू द्या. मी मंद आहे खरा, पण दोन टिचक्या लिहायला मला वेळ लागणार नाही.