दातांमधली शिट्टी

चष्म्याच्या दुकानात चारही भिंतींना आरसे, आणि त्या आरशांत दिवसभर तोंडावर हात धरून हसणारी ही बाई. पुढच्या दोन दातांमध्ये एवढी मोठी फट, की 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. आई लहानपणापासून तिला शिट्टीच म्हणायची, तेही भर पाहुण्यांत. तेव्हापासून तिने हसण्याचा धसकाच घेतला होता.

चाळिशी उलटल्यावर तिने दातांना तारा लावून घेतल्या. "आता दात सरळ करून कुठे दिवे लावणार आहेस?" काउंटरवरची मैत्रीण म्हणाली. दिवे कुठले, सुरुवातीला घास गिळायचीच मारामार. तार गालाला लागून तोंड आलं, मऊ भातावर दिवस काढावे लागले, आणि डॉक्टरांनी तारा आवळल्या की कळ थेट डोक्यात जायची. घरी कण्हलं तरी ऐकायला कोणी नव्हतं. पण फट मिटत चालली होती. ती उठल्याबरोबर जिभेने चाचपून बघायची आणि एकटीच खूश व्हायची.

रविवारी ती आईला भेटायला वृद्धाश्रमात जायची. आईचे डोळे केव्हाच गेले होते, आता आठवणही दगा देऊ लागली होती. दारात पाऊल वाजलं की आई विचारायची, "कोण?" हिचं उत्तर ठरलेलं. "मीच असणार, दुसरं कोण असणार?" ती शिट्टी कानावर पडली की आईचा चेहरा खुलायचा.

तारा लागल्यावर आई कुरकुरू लागली. "तोंडात काय कोंबलंयस? नीट बोल की." पुढे पुढे तर उत्तर ऐकूनही ती पुन्हा विचारायची, "कोण?" वयच झालंय, असं म्हणून हिने ते मनावर घेतलं नाही.

अखेर तारा निघाल्या. डॉक्टरांनी डबीत घालून एक पारदर्शक साचा दिला. "झोपताना हा लावायचाच. कंटाळा केलात तर दात परत होते तिथे जातील."

दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा बाजूला ठेवून म्हणालं, "काय छान हसता हो तुम्ही!" तिला इतका आनंद झाला, की तो कुणाला तरी सांगायलाच हवा होता. आणि सांगायला आईशिवाय होतं कोण?

त्या रविवारी ती जवळजवळ धावतच गेली.

"कोण?"

"मीच असणार, दुसरं कोण असणार?" शब्द अगदी स्वच्छ निघाले.

आई अंग चोरून बसली. "तुम्ही इथे नवीन आहात का, बाई?"

"अगं आई, मी. तुझी शिट्टी."

आईने चाचपडत हात पुढे केला, तिच्या दातांवरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. "आंधळ्या म्हातारीची थट्टा करू नका. माझ्या शिट्टीच्या दातांत फट आहे." मग आवाज खाली आणून ती अजिजीने म्हणाली, "रविवार चुकवत नाही हो ती कधी. आज का आली नाही, जरा बघता का?"

"बघते," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसून पोटभर रडली.

घरी आल्यावर तिने साच्याची डबी उघडली, बंद केली आणि कपाटात पार मागे ढकलून दिली.

आता रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहते. दात असे, की दृष्ट लागावी. ती मोठ्याने विचारते, "दुसरं कोण असणार?" आणि त्या रिकाम्या घरात शिट्टी वाजते का, ते कान देऊन ऐकते.