दर्शनी का दर्शिनी

“दर्शनी का दर्शिनी, भाऊ?” ई-सेवा केंद्रात अर्ज भरताना ऋषीनं कंप्युटरवरची नजर न काढता विचारलं.

“काय दर्शनी?” सोमेश्वर म्हणाला.

“वहिनीचं नाव. पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर प्रियदर्शिनी हाय. वहिनीच्या आधारला प्रियदर्शनी. आन् मयतीच्या दाखल्यावर तर साधना. तीन बाया झाल्या ना भाऊ ह्या.”

“एकच हाय.”

“मला ठाऊक हाय. त्यांच्या हातचं खाल्लंय मी. ह्याला ठाऊक न्हाई,” ऋषीनं कंप्युटरवर बोट आपटलं. “ह्याच्या हिशोबानं अर्पिताची माय जित्ती हाय. मेली ती दुसरीच कोणी.”

सोमेश्वरनं तिन्ही कागद हातात घेऊन पाहिले. वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला त्याचं सीट शिवायचं दुकान होतं. मोटरसायकलच्या, ट्रॅक्टरच्या गाद्या, कधी ट्रकची ताडपत्री. बायको काविळीनं गेल्यापासून ते दुकान दुपारीच बंद व्हायचं, कारण अर्पिता शाळेतून यायची आणि घरी म्हाताऱ्या आईशिवाय कोणी नसायचं. आईला डोळ्यांनी कमी दिसत होतं. एकदा पोरीनं चहा करताना हात भाजून घेतला, तेव्हापासून भावकीतले लोक म्हणायला लागले, जालन्याला वसतिगृहात टाक, तिथं जेवणखाण वेळेवर होतं. अर्पितानं ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती न सांगता भांडी घासायला लागली.

मग अंगणवाडीच्या बाईंनी बालसंगोपन योजनेचं सांगितलं. आई किंवा बाप गेलेलं लेकरू घरातच वाढावं म्हणून सरकार दर महिन्याला मदत देतं. तेवढ्या पैशात शेजारच्या बाईला पोरीकडे बघायला सांगता आलं असतं आणि दुकान संध्याकाळपर्यंत उघडं राहिलं असतं.

“मंग आता?” सोमेश्वरनं विचारलं.

“वहिनीचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. त्याच्यावर जे आसंल ते बराबर. आन् माहेरच्या माणसाची सही लागंल, की साधना आन् ही एकच म्हणून.” मग जरा थांबून तो म्हणाला, “पण भाऊ, तुम्हाला खरंच ठाऊक न्हाई? दर्शनी का दर्शिनी?”

“मला काय ठाऊक,” सोमेश्वर म्हणाला आणि उठला.

नाव बदललं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. ताटात तांदूळ पसरले होते, सोमेश्वरच्या हातात अंगठी दिली होती. आई द्वारकाबाई म्हणाली होती, “प्रियदर्शनी. आगं माय, येवढ्या लांब नावानं हाक मारंपर्यंत चूल इझून जाईल.” बाया हसल्या. कोणीतरी साधना सुचवलं. सोमेश्वरनं अंगठीनं तांदळात ते लिहिलं, ‘ध’ नीट उमटला नाही म्हणून पुन्हा लिहिला. नवरी शेजारी मान खाली घालून बसली होती. ती हसली नव्हती, एवढं त्याला आठवत होतं. पण नवरी कुठं हसते, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

पुढं रेशन कार्डावर साधना चढलं. ती गेली तेव्हा ग्रामसेवकानं नाव विचारलं आणि सोमेश्वरनं साधना सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

मंठ्याला जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दहाव्यानंतर तो सासरवाडीला गेला नव्हता. सासरे रामप्रसाद शाळेत शिपाई होते, आता घरी असायचे. अर्पिताला पुढं बसवून तो मोटरसायकलवर निघाला. पोचला तेव्हा म्हातारा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

“या जावईबापू,” रामप्रसाद म्हणाले आणि नातीला जवळ ओढलं. “वाळली गं तू.”

अर्पिता आत आजीकडे गेली. सोमेश्वरनं सगळं सांगितलं. दाखला पाहिजे, सही पाहिजे. साधना आणि ती एकच, असं लिहून द्यायला पाहिजे.

रामप्रसाद शेंगा सोलत राहिले. “साधना कोण? मी न्हाई ओळखत.”

“मामा.”

“खरं सांगून राह्यलो. तुमच्या घरी होती म्हणत्यात कोणी साधना. लई काम करायची म्हणं. आमच्या घरी त्या नावाची पोरगी कधी जन्मलीच न्हाई.”

सोमेश्वर ओट्याखाली उभा होता, त्याला कोणी बस म्हणालं नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

“शाळेत नव्या बाई आल्त्या,” रामप्रसाद म्हणाले. “त्यांचं नाव होतं ते. कानाला इतकं चांगलं लागलं की मी म्हणलं, पोरगी झाली तर हेच. गल्लीतले हसले. शिपायाच्या पोरीला केवढं नाव. मी बाईंकडूनच कागदावर लिहून घेतलं, मंग शाळेत घातलं तव्हा तसंच्या तसं चढवलं. दर्शनी. शि न्हाई, श. जन्माच्या दाखल्यावर शि घातला तो दवाखान्यातल्यानं. ती बोललीबी असंल त्याला. पण बाळंतिणीचं कोण ऐकतं.”

“रीतच हाय मामा नाव बदलायची. सगळ्यांचंच बदलत्यात.”

“रीत हाय. मीच वरून तांदूळ दिल्ते ताटाला, मला काय रीत ठाऊक न्हाई का.” त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. “तिला इचारलं होतं का कोणी, एवढंच इचारून राह्यलो.”

सोमेश्वर म्हणाला, “न्हाई.”

“मीबी न्हाई इचारलं,” रामप्रसाद म्हणाले. मग आत तोंड करून हाक मारली, “आगं, ती पत्र्याची पेटी काढ.”

सही करताना त्यांचा हात बराच वेळ कागदावर थांबला. “हे दिलं म्हंजे प्रियदर्शनीबी मेली असं लागतं ना तिथं?”

“लागतं.”

“आजपोत्तर जित्ती होती,” म्हातारा म्हणाला. त्यांनी सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. तेव्हा कुठं ते म्हणाले, “बसा ना. जेवून जा. पोरगी उपाशी आसंल.”

जेवणं झाली. निघताना सासूनं अर्पिताच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. रस्त्यात अर्पितानं विचारलं, “पप्पा, आता मला जालन्याला जावं लागणार न्हाई ना?”

“एकदा जावं लागंल. दोघांनी. ऑफिसातल्या बाई काही इचारतील, तेवढं सांगायचं. मंग परत यायचं.”

“माझी पिशवी न्यायची का?”

“पिशवी कशाला? संध्याकाळी परत यायचं हाय.”

थोड्या वेळानं तिनं पाठ त्याच्या छातीला टेकली.

जालन्याच्या बालकल्याण समितीच्या ऑफिसात बाकावर पुष्कळ बायका होत्या. बाप म्हणून आलेला सोमेश्वर एकटाच. शेजारच्या बाईनं त्याच्याकडं बघून पदर नीट केला आणि सरकून अर्पिताला जागा दिली. नाव पुकारल्यावर दोघं आत गेले. टेबलामागं तिघं होते, बोलत होत्या त्या मधल्या मॅडम. त्यांनी अर्पिताला शाळा विचारली, जेवायला काय आवडतं ते विचारलं. पप्पांजवळ राहायचं का, असं विचारल्यावर अर्पितानं इतक्या जोरात मान डोलावली की टेबलामागचे तिघंही हसले.

मग मॅडमनी कागद जवळ ओढले. “आईची दोन नावं आहेत. साधना आणि प्रियदर्शनी.”

“माहेरचं एक, सासरचं एक, मॅडम. दाखला जोडलाय. सासऱ्यांची सही हाय.”

“ते दिसतंय. काम होईल तुमचं, काळजी करू नका.” मॅडमनी पान उलटलं. “मला फक्त खात्री करायची आहे. घरात तुम्ही त्यांना कोणत्या नावानं हाक मारत होता?”

सोमेश्वरनं तोंड उघडलं. सोपाच प्रश्न होता. साधना म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आई साधना म्हणायची, शेजारी साधना म्हणायचे, रेशनचा दुकानदारसुद्धा म्हणायचा. त्यानं आठवून बघितलं. दुकानातून आल्यावर. जेवायला बसल्यावर. शेवटी शेवटी, ती खाटेवर पिवळी पडून भिंतीकडं तोंड करून निजायची, तेव्हा.

“कोणत्याच न्हाई,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“नावानं हाक मारलीच न्हाई कधी. ‘ऐकलं का’ म्हणायचो.”

मॅडम पेन हातात धरून थांबल्या. अर्पिता खुर्चीवरून बापाकडं बघत होती.

“आन् ती हो म्हणायची,” सोमेश्वर म्हणाला.