साडेचार इंचांचा मी

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. हसू नका, मित्रांनो. विटेएवढा माझा जीव, पण मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका सुसाट गाडीची उंची माझ्यावरून ठरते.

ताडकळसजवळच्या एका बाभळीचा मी. सूर्यभान सुताराने मला कापलं, ते ट्रकच्या चाकाला आडवं लावायला. कल्याणराव आडत्यांच्या गोदामासमोर थोडा उतार आहे. तिथे अकरा वर्षं मी चाकांखाली बसलो. पोती उतरायची, ट्रक निघून जायचे आणि कोणीतरी मला पायाने बाजूला सारायचं. एकही ट्रक कधी घसरला नाही. पण जे घडलंच नाही, त्याचं कौतुक कोण करतं?

मग घरात क्वाड बाइक आली. हँडल मोटारसायकलसारखं, पण चाकं चार आणि गलेलठ्ठ. कल्याणरावांचा मुलगा विरेश गॅरेज चालवतो. त्याने ही जुनी गाडी मातीवरच्या सरळ शर्यतीसाठी तयार केली. शर्यत साधी असते. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की नाकासमोर सुटायचं, काही सेकंदांत खेळ खलास. चालवणार होती विरेशची धाकटी बहीण ऋतुजा. ती परभणीला कॉलेजात जाते. बोलते कमी, पण त्या गाडीचं नाव काढलं की जेवणसुद्धा विसरते.

अशा गाडीची मागची उंची फार जपावी लागते. मागचा भाग उंच राहिला तर सुटताना पुढची चाकं हवेत जातात. फार खाली गेला तर गाडीचं पोट जमिनीला घासतं. विरेशने ठरवलं, माणूस बसल्यावर सांगाड्याच्या मागच्या पाइपाखाली साडेचार इंच. त्यासाठी सूर्यभानकडून मला पुन्हा तासून घेतलं. रंधा फिरताना दुखलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून मला कोणी पायाने सारलं नाही.

काम असं चालायचं. गोदामाची फरशी सपाट, चारी चाकांत हवा ठरलेली. गाडी दोनदा दाबून सोडायची आणि जरा पुढे ढकलायची, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात. मग मला पाइपाखाली सरकवायचं. मी अडलो तर शॉकअपच्या स्प्रिंगवरचं कडं आवळून गाडी उचलायची, मोकळा राहिलो तर सैल करून खाली आणायची. दोन्ही बाजू सारख्या. शेवटी चेनचा ताण बघायचा, कारण उंची हलली की चेनही हलते. माझ्या डोक्यावर एसटीचं तिकीट जेमतेम जाईल एवढी फट उरली, की माप झालं.

पण बसणार कोण? ऋतुजाची बस दुपारी येई, आणि विरेशला सकाळीच सवड. कल्याणराव हसून म्हणाले, "त्यात काय? ती बावन्न किलो. सोयाबीनचं पन्नासचं पोतं ठेव, वर दोन किलोचं वजन. झालं!"

सगळा जन्म तराजूशेजारी गेलेला माणूस. त्यांचं खोटं कोण म्हणणार? पोतं सीटवर चढलं, मी खाली सरकलो, तिकीट बरोबर गेलं.

रविवारी येलदरीकडच्या माळावर चाचणी झाली. ऋतुजा सुटली आणि पुढची दोन्ही चाकं कमरेएवढी वर गेली. तिने वेग सोडला म्हणून गाडी उलटली नाही, पण धाडकन खाली आली. तिची हनुवटी हँडलावर आपटून फुटली.

कल्याणरावांनी स्वतःच्या उपरण्याने रक्त पुसलं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी अजून एकदा बघतो. पुन्हा असं झालं तर गाडी घरातून जाणार. मला पोरगी पायजे, कप न्हाई."

"अप्पा, गाडीत काहीतरी चुकलंय. मी न्हाई चुकले," ऋतुजा एवढंच म्हणाली.

मग चूक कोणाची? विरेशने माझ्याकडे बघितलं. "लाकूड हाय. फुगलं असंल." आणि मी गेलो परसात, पाणी तापवायच्या सरपणावर.

उघड्या दारातून मला गोदाम दिसत होतं. विरेशने पोलादी टेपने पुन्हा माप घेतलं. पोतं तेच, उंचीही तीच निघाली. तो डोकं धरून बसला. शेजारी बायनाबाई पोत्यांची तोंडं शिवत होती. गोदामात सगळे तिला मावशी म्हणतात.

"इरेश, काय करायलास रे?"

"माप घ्यायलोय, मावशे."

"सोयाबीनचं?"

"ऋतुजाच्या जागी ठेवलंय ते. बरोबर बावन्न किलो."

"मग शर्यतीला बी त्यालाच पाठीव की. हनुवटी तरी न्हाई फुटायची."

कल्याणराव गादीवरून म्हणाले, "बायनाबाई, वजन ते वजन. तराजूला विचार."

"तराजूला काय कळतंय, मालक? चाळीस वर्षं पोती शिवायलेय मी. पोतं कसंबी ठेवा, बुडाशी फतकल मारतंय. आपली पोरगी सुटताना पार हँडलावर वाकती, सगळा भार पुढं नेती. हे तुमचं पोतं वाकतंय का?"

कल्याणरावांनी पोत्याकडे असं बघितलं, जणू घरच्याच माणसाने दगा दिलाय.

दुपारी बस आली. ऋतुजाला दप्तरासकट गोदामात आणलं. हेल्मेट, बूट सगळं घालून ती बसली आणि सुटताना वाकते तशी वाकली. टेप धरायला हात नीट पोचेना, म्हणून विरेश परसात धावला. उमादेवींनी, म्हणजे त्याच्या आईने, मला नुकतंच चुलीत घालायला उचललं होतं.

"आई, थांब! तो दे!"

मला टेपने मोजलं. साडेचारच भरलो. पाइपाखाली सरकवलं, तर डोक्यावर चांगली बोटभर पोकळी! म्हणजे ती वाकल्यावर मागचा भाग एवढा उंच राहत होता.

मग दोन्ही कडी सैल करणं, गाडी दाबणं, ढकलणं, पुन्हा मोजणं. पाऊण तास ऋतुजा तशीच वाकून होती.

"दादा, पोत्याला कधी विचारलंस का, मान दुखायलीय का म्हणून?"

बायनाबाई इतकी हसली की तिच्या हातातली सुतळी सुटली.

रविवारी माळावरच्या शर्यतीत कल्याणराव सुरुवातीच्या रेघेशी उकिडवे बसले. शेजारची गाडी त्यांनी पाहिलीच नाही. हिरवा दिवा लागला. ऋतुजाच्या गाडीची पुढची चाकं चार बोटं उचलली, टेकली आणि ती सरळ निघून गेली. शर्यतीत ती दुसरी आली, म्हणजे दोघांत शेवटची. तरी परत येताना तिचं तोंड हसून दुखत होतं.

"चार बोटं ना गं?" कल्याणरावांनी विचारलं.

"चार बोटं, अप्पा."

"मग राहू दे गाडी."

आता माप दुपारीच घेतात. कल्याणराव पांढऱ्या धोतराने फरशीवर वाकतात, मला स्वतः आत सरकवतात आणि वर बघून विचारतात, "नीट बसलीस ना, माय?"

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, वाळवीपासून जपा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. ज्याच्यासाठी माप घेताय, तो घरी येईपर्यंत थांबा. त्याला बसू द्या, त्याच्या सवयीने वाकू द्या. मगच पाना हातात घ्या.