बांधाखालचे चौकोन

छप्पन साली राजधानी भोपाळला गेली आणि चंद्रभानचं पाटबंधाऱ्याचं ऑफिसही तिकडं हललं. मागं राहिला तो एकटा, एका बांधाची आकडेमोड संपवायला. उमरेडचं घर आईवडील गेल्यापासून बंद होतं. त्याला घाई करणारं कोणी नव्हतं.

बांधाखालच्या जमिनीचे त्यानं कागदावर दहा-दहा फुटांचे चौकोन आखले होते. प्रत्येक कोपऱ्यावर पाण्याच्या दाबाचा आकडा. तो शेजारच्या चार आकड्यांची सरासरी व्हायला हवा; एक दुरुस्त केला की शेजारचे चार बिघडायचे. पूर्वी शेजारच्या टेबलावरचा कृष्णकांत आकडे वाचायचा, हा ताडून बघायचा; तोही भोपाळला गेला होता. आता हा स्वतःच मोठ्यानं वाचायचा.

"साहेब, एकटेच काहून बोलून राहिले?" चपराशी रुपरावनं एकदा विचारलं.

"तुले आकडे वाचता येते का गा?"

"चौथी पास हाओ."

मग रुपराव वाचू लागला. महिनाभरात सगळे आकडे स्थिरावले. आकड्यांप्रमाणे बांध सुरक्षित दिसत होता. पण बांधाखालून झिरपलेलं पाणी पलीकडं जिथं जमिनीतून वर येणार, तिथं दोन शेजारच्या आकड्यांत फार मोठी उडी होती. चंद्रभानला ते खटकलं. तेवढ्याच जागी त्यानं एक-एक फुटाचे चौकोन आखले आणि पुन्हा आकडेमोड मांडली. तेव्हा दिसलं: मोठ्या चौकोनात जो जोर पसरून गेला होता, तो इथं एका फुटात एकवटला होता. पाणी वाळू उचलून नेणार होतं आणि बांध खालून पोकळ होणार होता.

त्यानं भोपाळला कळवलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: झिरपणारं पाणी अडवणारी जमिनीखालची भिंत आणखी बारा फूट खोल नेत आहोत. खाली कृष्णकांतची सही. चंद्रभाननं कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

"म्हंजे आपलं बरोबर निघालं!" रुपराव खूश झाला. "तिकडच्या साहेबानं तुमची खुशाली पुसली का?"

"कामात असन."

संध्याकाळी सीताबर्डीच्या हॉटेलात चहा घेताना त्याला राहवेना. "आमचा बांध आता टिकते," तो मालकाला म्हणाला.

"कोनता बांध?"

चंद्रभान बोटानं टेबलावर चौकोन काढू लागला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मालक तिकडं वळला. चंद्रभाननं चहा संपवला, चिल्लर ठेवली आणि भोपाळला बदली मागायची की नाही, याचा विचार करत तो खोलीकडं निघाला.