हरलेल्यांचे फोन नंबर

“कव्हरवरचा नंबर उचलू नकोस हं, पोरी. फाइलीच्या आत शोध,” फायलीकाकांनी बजावलं होतं. ते त्या वकिली कार्यालयातले सगळ्यांत जुने कारकून. तिथे नव्याने लागलेली ती मुलगी “हो काका” म्हणाली आणि विसरली. कारण त्याच मिनिटाला पाळणाघरातून फोन आला: तिच्या छोटीने नाकात वाटाणा घातलाय.

कार्यालय बचावाचं. कुणावर नुकसानभरपाईचा दावा लागला की तो इथे धावत यायचा. पण फाइलीच्या कव्हरवर नाव आणि नंबर दावा लावणाऱ्याचा; आपल्या पक्षकाराचा नंबर आत. “ज्याच्यामुळे आपल्याला काम मिळतं, त्याला मान नको?” असं थोरले वकीलसाहेब म्हणत. यंदा वकील संघाच्या सन्मानासाठी अर्ज करायचा होता: जिंकलेले आठ खटले, आणि प्रत्येकापुढे कामाविषयी सांगू शकेल अशा माणसाचा नंबर. एक डोळा मोबाइलवर ठेवून तिने आठही नंबर कव्हरवरून उतरवले, अर्ज धाडला आणि पाळणाघराकडे पळाली.

महिन्याभराने एका शुक्रवारी सन्मान समितीचं पाकीट आलं. त्याच दिवशी तिची नोकरी कायम होणार की नाही, हे ठरायचं होतं.

“नंबर आतले घेतलेस ना?” काकांनी सहज विचारलं.

तिने जीभ चावली. “कव्हरवरचे, काका.”

“शाबास! नवरदेवाची चौकशी करायला त्याच्या आधीच्या बायकोकडे धाडलंस.”

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. पत्र वाचताना त्यांच्या भुवया टकलाकडे सरकत होत्या. सात जणांनी फोनवर काय सुनावलं, ते समितीने सभ्यपणे गाळलं होतं. आठव्या होत्या शिवणबाई, शिवणकामाच्या निवृत्त शिक्षिका. दुकानाच्या पायरीवरून पडल्या म्हणून त्यांनी दावा लावला होता. पायरी धडधाकट होती, बाईंच्या पायात मात्र दिवंगत नवऱ्याच्या तीन बोटं मोठ्या चपला होत्या, हे साहेबांनी सिद्ध केलं. त्या समितीला म्हणाल्या होत्या, “वकीलसाहेबांनी मला हरवलं खरं, पण आधी बसायला खुर्ची दिली. आणि चपलांवरून सगळं कोर्ट हसलं, तेव्हा फक्त तेच हसले नाहीत.”

तेवढ्यावर सन्मान मिळाला होता!

“हरलेल्यांनाच विचारायची ही अक्कल कोणाची?” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“साहेब, ते चुकून...” तिने सुरुवात केली, तोच काकांनी तिच्या पायावर पाय दिला.

“हिचीच, साहेब. लाजते जरा.”

नोकरी कायम झाली. पाय दोन दिवस दुखत होता.

मन खात होतं, म्हणून तिने शिवणबाईंना फोन लावला. आभार मानले.

“आभार कसले डोंबलाचे! शिव्या दिल्या असत्या, तर समितीवालीने दोन मिनिटांत फोन ठेवला असता. कौतुक करत राहिले, पाऊण तास ऐकत बसली बिचारी.”

“आणि बाई, त्या चपला?”

“त्याच आहेत की पायात. घरात फटफट वाजतात. कुणीतरी चालतंय असं वाटतं गं.”

तेव्हापासून ती रोज दुपारी बाईंना फोन करते आणि छोटीला त्यात बोबडं ओरडू देते. पण अशा बाई काही एकच नसतात. तुमच्या जिन्यातही कुणाच्या मोठ्या चपला फटफटत असतील, आणि आज आवाज आला नसेल, तर जरा दार वाजवून बघाल? जाताना पाऊण तास मात्र हाताशी ठेवा.